एका डिशवर चार टीव्ही: आईनं मालिका लावली की वरच्या खोलीतले चॅनल गायब

फुलेवाडीकर_८८ :

नमस्कार मंडळी. जरा लांबड लावतो पण सगळं सांगितल्याशिवाय कळायचं नाही.

घर कोल्हापुरात फुलेवाडीत, खाली हॉल, स्वयंपाकघर, आबांची खोली, वर आमची खोली. गच्चीवर एक डिश, खासगी डीटीएचची, सहा-सात वर्षं झाली असतील. हॉलमध्ये एचडी बॉक्स. गेल्या दिवाळीत वरच्या खोलीसाठी त्याच कंपनीचा दुसरा बॉक्स घेतला, साधा एसडी. बसवायला आलेला पोरगा गच्चीवर गेला, दहा मिनिटांत खाली आला, म्हणाला झालं, चहा पिऊन गेला. नंतर मी वर जाऊन बघितलं तर डिशवरनं पूर्वीसारखी एकच वायर येतीय, पाण्याच्या टाकीजवळ काडेपेटीएवढी एक लोखंडी डबी लटकवलीय आणि तिच्यातनं दोन वायरी निघाल्यात, एक हॉलला एक वर.

आता त्रास असा की रात्री आठला आईनं मालिका लावली की आमच्याकडं वर निम्मे चॅनल जातात, 'सिग्नल नाही' म्हणून निळा पडदा. सगळे नाहीत हां, निम्मेच. आईनं ब्रेकमध्ये बातम्या लावल्या की परत येतात, मालिका सुरू झाली की परत गेले. कधी उलटंही होतं, वर मॅच लावली की खालनं आई ओरडते, अरे माझ्या बातम्या कुठं गेल्या. बायको म्हणते लोकांच्यात सासू-सुनेचं स्वयंपाकावरनं वाजतं, आमच्यात पोलरायझेशनवरनं वाजायचं (हा शब्द तिनं कुठंतरी वाचलाय, मला अजून कळलेला नाही). अजून एक गंमत, हॉलचा बॉक्स रिमोटनं बंद केला तर काही फरक पडत नाही, पण भिंतीवरचं बटण बंद केलं की वर लगेच सगळे चॅनल येतात. कस्टमर केअरला तीनदा फोन झाला, तीनदा 'बॉक्स रिस्टार्ट करा सर'.

आता ह्यात अजून दोन टीव्ही वाढवायचेत. आईला स्वयंपाकघरात जुना २१ इंची डबा टीव्ही लावून पाहिजे, हॉलमध्ये जे चालू आहे तेच दिसलं तरी चालतंय. आणि आबांचं खुब्याचं ऑपरेशन झालंय, ते खोलीतनं उठत नाहीत, त्यांना बातम्या, कीर्तन आणि सह्याद्री एवढं पाहिजे. दुकानदार म्हणाला दोन तोंडाची डबी काढा, चार तोंडाची लावा आणि मध्ये एक ॲम्प्लिफायर टाका, साडेआठशे रुपये. घेऊ का? वायरिंग मी स्वतः करणार आहे, गच्चीवर चढायला भीती नाही. मागच्या खोलीत भाड्यानं राहणारी दोन कॉलेजची पोरं पण विचाराय लागल्यात की काका एक वायर आम्हालाही द्या की.


तांबडा_आधी_पांढरा_नंतर :

भावा डिश काढ, भंगारात घाल, फायबर घे आणि सगळ्या टीव्हीला एकेक स्टिक लाव. आजकाल कोण गच्चीवर चढतंय राव 😄


फुलेवाडीकर_८८ :

फायबर आहे की घरात. पण लाइट गेली की राउटर गेला, आणि आईला ॲप उघडून, लॉगिन करून, शोधून लावायला सांगायचं म्हणजे रोज रात्री आठला मीच तिथं उभा. तिला एक नंबर दाबला की चॅनल लागला पाहिजे. आबांचं तर बोलूच नको.


जुना_केबलवाला :

ऐक पोरा. मी वीस-एक वर्षं केबलच्या धंद्यात काढली, अर्ध्या मंगळवार पेठेच्या गच्च्या मला पाठ हायत. तुझी डिश बिघडलेली नाही, वायर पण नाही, बॉक्स पण नाही. ती टाकीजवळची डबीच तिथं नको होती. आणि दुकानदाराच्या सांगण्यावरनं चार तोंडाची घेतलीस तर आत्ता दोघं भांडताय ते चौघं भांडाल.

केबल आणि डिश ह्यात लोकांचा कायम एकच घोळ होतो. केबलच्या वायरीत सगळे चॅनल एकाच वेळी वाहत असायचे, नळाच्या पायपासारखं, टी मारा, चार नळ काढा, प्रेशर कमी होईल पण पाणी सगळीकडं तेच. डिशच्या वायरीत तसं नसतंय. तिथं बॉक्स त्याच वायरीतनं वर एलएनबीला (डिशसमोर दांड्यावर बसवलेला तो डबा, उपग्रहाचा सिग्नल पकडून वायरीत सोडतो) हुकूम सोडतो आणि एलएनबी मागितलं तेवढंच खाली देतो.

उपग्रहावरनं चॅनल दोन अंगांनी येतात, उभे आणि आडवे, तुझी बायको म्हणाली ते पोलरायझेशन हेच, वहिनींना सांग बरोबर बोलल्या. बॉक्सनं वर १३ व्होल्ट सोडले की एलएनबी उभे चॅनल देतो, १८ सोडले की आडवे. शिवाय युनिव्हर्सल एलएनबी असेल तर २२ किलोहर्ट्झचा एक टोन असतो, टोन नसला की १०.७ ते ११.७ गिगाहर्ट्झचा खालचा पट्टा, टोन आला की ११.७ ते १२.७५ चा वरचा. म्हणजे दोन गुणिले दोन, चार कप्पे झाले. आणि वायरीत जागा किती, तर ९५० ते २१५० मेगाहर्ट्झ. त्यात एका वेळी एकच कप्पा मावतो. म्हणून हुकमाची भानगड.

आता तुझ्या घरात काय होतंय बघ. आईची मालिका १८ व्होल्टवाली, तू वर लावलेला चॅनल १३ वाला. डबीत दोन्ही व्होल्टेज एकत्र आले की मोठा जिंकतो, वायरीवर १८ च राहतात, एलएनबी आडवे चॅनल सोडतो आणि तू मागितलेले उभे येतच नाहीत. आईनं बातम्या लावल्या, त्या १३ वाल्या, मग तुझं पण जुळलं. तुझी मॅच १८ वाली असली की आईच्या बातम्या गेल्या. आणि रिमोटनं बंद केल्यावर बरेच बॉक्स नुसते झोपतात, वायरीवरचं व्होल्टेज काढत नाहीत, म्हणून भिंतीवरचं बटण बंद केल्याशिवाय फरक पडत नाही. तू जे जे लिहिलंस ते सगळं ह्यात बसतंय बघ.

खात्री करायची तर खर्च नाही. हॉलच्या बॉक्सचं बटण बंद कर, मागची डिशची वायर फिरवून काढ आणि वर जाऊन सगळे चॅनल चाळ. सगळे आले तर विषय संपला. बटण बंद केल्याशिवाय वायर काढू नकोस, त्या वायरीत करंट असतो, तुला काही होणार नाही पण मधली तार कनेक्टरच्या कडेला घासली की बॉक्स शॉर्ट मारतो.

ॲम्प्लिफायरचं म्हणशील तर जो कप्पा खाली आलेलाच नाही तो मोठा करून काय दिसणार?

उपाय असा की डिशवरचा एलएनबी बदलायचा. दोन तोंडाचा ट्विन मिळतो, चार तोंडाचा क्वाड मिळतो. क्वाडच्या चारी तोंडांना आत आपापला स्विच असतो, जो बॉक्स जे मागेल ते त्याला त्याच्या वायरीतनं, दुसऱ्याला पत्ता लागत नाही. डिश तीच, दिशा तीच, फक्त प्रत्येक बॉक्सला डिशपासनं थेट स्वतःची वायर. मध्ये कुठंही डबी नाही. चार वायरी ओढायचा कंटाळा येतो म्हणून लोक डबी लावतात, बाकी काही कारण नाही.


उद्यमनगर_टर्नर :

केबलवाले काकांनी सांगितलं ते शंभर टक्के, फक्त एक जोडतो कारण मी स्वतः तोंडघशी पडलोय. दुकानात 'क्वाड' मागा आणि खोक्यावर 'क्वाड'च लिहिलंय का बघून घ्या. मला दुकानदारानं 'क्वाट्रो' दिला, दोन्हीला तोंडं चारच, दिसायला जुळे भाऊ. मी आणून बसवला, चार वायरी ओढल्या, घाम गाळला, आणि चारही टीव्हीवर चार वेगळे चॅनलचे गठ्ठे. एका टीव्हीवर फक्त हिंदी सिनेमे, एकावर फक्त बातम्या. क्वाट्रोला आत स्विचच नसतो, त्याच्या चार तोंडांतनं चार कप्पे कायमचे ठरलेले येतात, उभा खालचा, उभा वरचा, आडवा खालचा, आडवा वरचा. त्याच्या खाली मल्टिस्विच नावाचं यंत्र लावायचं असतं, मग आठ-सोळा बॉक्स चालतात, ते अपार्टमेंटचं, लॉजचं काम. एका घराला कशाला.

दुसरं, जुन्या एलएनबीच्या बुडाला लेबल असतं, त्यावर ९७५०/१०६०० असं लिहिलंय का बघ. हाच युनिव्हर्सल. काही ठिकाणी वेगळ्या आकड्याचा एलएनबी लावलेला असतो, तसला असेल तर बाजारातला युनिव्हर्सल क्वाड नुसता लावून चालायचा नाही, बॉक्सच्या सेटिंगमध्ये आकडा बदलता येतो का तेही बघावं लागतं. आणि बाजारातला क्वाड ४० मिलिमीटरच्या क्लॅम्पचा असतो, कंपनीच्या काही डिशवर क्लॅम्पच वेगळा. मी शेवटी नायलॉनची रिंग टर्न करून घातली, आपल्याकडं लेथ हाय म्हणून जमलं 😎

तिसरं म्हणजे, जुना काढायच्या आधी मार्कर पेननं खूण कर. एलएनबी सरळ उभा नसतो, कललेला असतो. उपग्रह आपल्या बरोबर दक्षिणेला नाही, पूर्वेकडं सरकलाय, म्हणून तो तिरका दिसतो. क्लॅम्पवर एक रेघ आणि एलएनबीवर एक रेघ, नवा त्याच कोनात बसव. डिशच्या नटाला हात लावू नकोस. एकदा डिश हलली की दिवस गेला.


राजारामपुरी_वैनी :

दादा, आईंच्या स्वयंपाकघरासाठी बॉक्स घेऊ नका, मी काय केलं ते सांगते.

तुम्ही म्हणताय ना हॉलमधलंच दिसलं तरी चालेल, मग तिथं डिशची वायर न्यायचीच नाही. हॉलच्या बॉक्सला मागं एचडीएमआय शिवाय पिवळी-लाल-पांढरी एव्हीची भोकं असतील, बऱ्याच बॉक्सना दोन्हीकडनं एकाच वेळी चित्र येतं. एचडीएमआय हॉलच्या मोठ्या टीव्हीला राहू द्या. एव्हीच्या भोकातनं वायर काढून एका आरएफ मॉड्युलेटरला लावायची, तीन-चारशेची डबी असते. ती त्या चित्राचा केबलसारखा एक चॅनल बनवते. मग साधी केबलची वायर स्वयंपाकघरात, टीव्हीच्या अँटेनाच्या भोकात, ऑटो सर्च मारला की एका नंबरवर तुमचा हॉल दिसायला लागतो. आणि गंमत म्हणजे ह्या वायरीला टी मारला तरी चालतो, कारण ह्यातनं वर कुणी हुकूम पाठवत नाही, काकांनी सांगितलेल्या नळासारखंच आहे हे. डबा टीव्हीला चित्र छान दिसतं. मोठ्या एलईडीला लावलं तर मात्र धुरकट दिसेल, तिथं नको.

आमच्याकडं एकच भांडण उरलं होतं, चॅनल बदलायला हॉलमध्ये पळायला लागायचं, गॅसवर कढी आणि ह्या बाई हॉलमध्ये. मग रिमोट एक्स्टेंडर घेतला, एक डोळा स्वयंपाकघरात टीव्हीखाली चिकटवायचा, दुसरं टोक हॉलच्या बॉक्ससमोर. सासूबाई आता लाटणं खाली न ठेवता चॅनल बदलतात. फक्त डोळा फोडणीच्या बाजूला लावू नका, आमच्या पहिल्यावर तेल उडून उडून पंधरा दिवसांत आंधळा झाला तो.

मोठा टीव्ही असता तर एचडीएमआयचं एक्स्टेंडर मिळतं, कॅट-६ म्हणजे नेटवर्कच्या वायरीवर, ते पण चांगलं चालतं पण महाग. आणि एचडीएमआयचा स्प्लिटर घेताना एचडीसीपी (कॉपी रोखणारं कुलूप असतं ते) चालणारा घ्यायचा, नाहीतर बॉक्स चित्रच देत नाही.


हिशेबी_माणूस :

पैशाचं कुणी बोललं नाही म्हणून. वरच्या बॉक्सचं बिल एकदा उघडून बघा. २०२० च्या ट्रायच्या (दूरसंचार नियामक) नियमानं एकाच घरातल्या दुसऱ्या, तिसऱ्या टीव्हीला नेटवर्क कपॅसिटी फी (चॅनलच्या पैशांशिवाय कंपनी नुसत्या जोडणीचे घेते ती) मूळ फीच्या ४० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नव्हती. २०२४ मध्ये ट्रायनं फीवरची मर्यादाच काढली, आता कंपनी आपापलं ठरवते. म्हणून नवा बॉक्स घ्यायच्या आधी मल्टी टीव्हीचा रेट काय ते विचारून घ्या. प्रत्येक बॉक्सला चॅनल पण वेगवेगळे निवडता येतात, वरच्या बॉक्सला आईचे सगळे मालिकांचे चॅनल कशाला भरताय?

आणि भाड्याच्या पोरांना वायर देऊ नका. वेगळ्या घराला तुमच्या नावावरचं कनेक्शन देणं करारात बसत नाही, उद्या बंद केलं तर आईची मालिका पण बंद. पोरांना म्हणावं मोबाइलवर बघा, तसंही तेच बघतात.


कागलकर :

आबांसाठी महिना पैसे भरायचं काहीच कारण नाही. डीडी फ्री डिश लावा. दूरदर्शनचं २००४ पासून चालू आहे, एकदा डिश आणि बॉक्स घेतला की महिन्याला शून्य रुपये. सह्याद्री आहे, मराठीतले अजून काही आहेत, बातम्या आहेत, भक्तीचे चॅनल भरपूर.

फक्त ते तुमच्या आत्ताच्या डिशवर बहुतेक लागायचं नाही. फ्री डिश जीसॅट-१५ वरनं येतं, तो ९३.५ अंश पूर्वेला. तुमच्या कंपनीचा उपग्रह दुसरीकडं असेल तर दुसरी छोटी डिश लागणार. कोल्हापुरातनं तो आग्नेयेला पडतो, होकायंत्रावर १२९-१३० अंश आणि वर साधारण ६० अंश. लोकांचा गोंधळ इथं होतो, ६० अंश म्हणून डिश आकाशाकडं ताटासारखी उताणी करतात. ह्या डिश ऑफसेट असतात, एलएनबी मधोमध नसून खालच्या बाजूला असतो, त्यामुळं डिश दिसते त्यापेक्षा वीस-पंचवीस अंश वर बघत असते. होकायंत्र बघूनच तोंड कर, तिथनं थोडं इकडं-तिकडं. समोर नारळ नको.

बसवताना छोटा टीव्ही गच्चीवर घेऊन जा. खाली एक माणूस 'आलं... गेलं... आलं' ओरडतोय आणि वर एक हलवतोय, ह्यात सिग्नल मिळतो पण नाती जातात.


जुना_केबलवाला :

कागलकर बरोबर बोलले. आबांच्या खोलीचा प्रश्न सुटला म्हणजे क्वाडची दोन तोंडं रिकामी राहतात, राहू देत, उद्या लागतील. त्यांना रबरी टोपी घाल, उघडी ठेवू नकोस.

आता वायरीचं. तुझी पोस्ट वाचून मला तुझ्यापेक्षा तुझ्या वायरीची काळजी वाटाय लागलीय. आरजी-६ घे, ७५ ओहम. जुन्या केबलची बारीक आरजी-५९ घरात पडलीय म्हणून वापरू नकोस, वरच्या फ्रिक्वेन्सीला ती सिग्नल खाते. आरजी-६ ला सुद्धा शंभर मीटरला वरच्या टोकाला ३० डेसिबलच्या आसपास जातो, म्हणजे पंचवीस मीटरला सात-आठ, तेवढं चालतं. बाहेर काळीच वायर, पांढरी उन्हानं दोन वर्षांत तडकते.

कनेक्टर हे खरं काम. बाहेरचं साल सोलताना ब्लेड हलक्या हातानं फिरव, आतल्या जाळीच्या तारा मागं उलट्या वळव, आणि मग डोळ्यासमोर धरून बघ, केसाएवढी एक जरी तार मधल्या तारेला टेकलेली राहिली तरी शॉर्ट. रात्र रात्र बॉक्स बदलत बसलेली माणसं बघितल्यात मी त्या एका केसापायी. पांढरा फोम कनेक्टरच्या आतल्या तळाला बरोबर लागला पाहिजे आणि मधली तार तोंडाबाहेर दोन-तीन मिलिमीटर, जास्त नाही. फिरवून बसवायचे कनेक्टर असतात ते गच्चीवर नकोत, दाबून बसवायचे घे, त्याचा पक्कड कुणाकडनं तरी मागून आण.

आणि एलएनबीतनं निघालेली वायर सरळ भिंतीत घालू नकोस. आधी खाली एक वळसा लोंबता सोड, म्हणजे पाणी वळशाच्या बुडातनं ठिबकून जाईल. कोल्हापूरचा पाऊस नुसता वरनं येत नाही, आडवा येतो. पाणी एकदा कनेक्टरमध्ये शिरलं की वायरीच्या जाळीतनं थेट खाली बॉक्सपर्यंत उतरतं, दिव्यातल्या वातीसारखं.

वळवाच्या दिवसात आभाळ भरून आलं की, वीज कडाडायच्या आधीच, बॉक्सचं बटण बंद करून मागची वायर पण काढायची. नुसतं बटण बंद करून उपयोग नाही, वीज डिशच्या वायरीतनं पण येते. आणि डिशचा पाइप अर्थ कर.


फुलेवाडीकर_८८ :

मंडळी, रविवारी सकाळी मिसळ खाऊन कामाला लागलो, संध्याकाळी पाचला उतरलो. रिपोर्ट देतो.

आधी काकांनी सांगितलेली टेस्ट केली, हॉलची वायर काढली, वर सगळे चॅनल आले. बायको म्हणाली मी सांगत होते.

मग ती डबी उघडली. उघडली म्हणजे, कनेक्टर फिरवला तर आतनं पाणी आलं. थेंब नाही, चमचाभर पाणी. कनेक्टरच्या आत सगळं हिरवं, मधली तांब्याची तार काळी पडून सुईसारखी बारीक झालेली, आणि डबीच्या मागच्या बाजूला मुंग्यांनी घर केलेलं, पांढरी अंडी सुद्धा. बसवणाऱ्यानं वर घरात वापरतात ती साधी काळी चिकटपट्टी गुंडाळली होती, ती उन्हानं सुटून लोंबत होती. डबीवर बारीक अक्षरात ५ ते १००० मेगाहर्ट्झ लिहिलेलं. म्हणजे डिशचे ९५० ते २१५० तिच्यातनं जायलाच नको होते, तरी निम्मे कसे दिसत होते हेच आश्चर्य. काका, हे कसं काय?

क्वाड आणला, साडेसहाशेला. दुकानदार क्वाट्रोच काढून देत होता हो! टर्नर भाऊ, तुमची पोस्ट वाचली नसती तर मी पण चार टीव्हीवर चार गठ्ठे बघत बसलो असतो. लेबल ९७५०/१०६०० निघालं, क्लॅम्प पण ४० चाच निघाला, लेथ लागला नाही. खुणेच्या रेघेवर बसवला, बॉक्सवर सिग्नलची क्वालिटी आधी ६१ दाखवत होती, आता ७८. वायर ३८ मीटर लागली. दोन्ही बॉक्सला आता आपापली वायर, मध्ये डबी नाही. आई मालिका, आम्ही मॅच, दोन्ही एका वेळी, पहिल्यांदा.

स्वयंपाकघराचा मॉड्युलेटर पण लावला. ऑटो सर्चला तो टीव्ही इतका वेळ फिरला की आई म्हणाली कोकणात जाऊन आला असता. पण आला चॅनल. रिमोटचा डोळा फ्रिजच्या बाजूला चिकटवलाय, गॅसपासनं लांब.

फ्री डिशचं पुढच्या रविवारी. आबांनी मोबाइलवर होकायंत्र बघून आत्ताच सांगितलंय की नारळ मध्ये येतोय, आणि नारळ तोडायचा नाही. म्हणजे डिश जिन्याच्या टोपीवर घ्यायला लागणार.


जुना_केबलवाला :

१००० ची डबी १००० ला भिंतीसारखी बंद होत नसते रे. वर गेलं की सिग्नल खात जाते, जुनी डिश नीट लागलेली होती म्हणून तेवढ्यावर बॉक्स तगला. पावसात काही चॅनल जायचे का आठव, जात असतील तर ते वरच्या फ्रिक्वेन्सीचे असणार. ती डबी फेकू नकोस, स्वयंपाकघराच्या मॉड्युलेटरच्या वायरीला कधी टी मारायचा झाला तर तिथं ती बरोबर चालेल. मुंग्या झटकून घे.

६१ चं ७८ झालं ते एलएनबीमुळं कमी आणि ते चमचाभर पाणी गेल्यामुळं जास्त.


राजारामपुरी_वैनी :

जिन्याच्या टोपीवर लावताना पाइप घट्ट करा, वाऱ्यानं एक-दोन अंश फिरली तरी फ्री डिश जातं. आणि वर कावळे बसतात. आमच्या एलएनबीच्या दांड्यावर एक रोज सकाळी यायचा, तेवढा वेळ चित्राचे चौकोन चौकोन.


फुलेवाडीकर_८८ :

कावळ्याचं आबांना सांगितलं, ते म्हणाले येऊ दे, पितर असतील, त्यांना पण कीर्तन ऐकू दे.

एक नवीनच भानगड झालीय पण. काल मॅच होती, हॉलमध्ये सगळे एचडीवर बघत होते, वर माझा भाऊ एसडीवर. शेवटच्या ओव्हरला बॉलरनं बॉल टाकायच्या आधीच वरनं भाऊ बोंबलला 'गेलाऽऽ', आणि आम्ही खाली एकमेकांकडं बघतोय, मग दोन सेकंदांनी आमच्याकडं विकेट पडली. एसडी आधी येतंय आणि एचडी मागनं. पुढच्या मॅचला वरचा बॉक्स बंद ठेवायचा का भावाचं तोंड, ह्यावर घरात मतं पडल्यात. ह्याला काही उपाय आहे का?


उद्यमनगर_टर्नर :

बॉक्स वेगवेगळे असले की होणारच, एचडीवाल्याला उलगडायला जास्त वेळ लागतो, कंपनीकडनंच तो चॅनल मागनं सुटत असेल तर अजून भर. वायरीनं सुटणारं नाही हे. भावाला खाली बसवा.


फुलेवाडीकर_८८ :

तो म्हणतोय तुम्हीच वर या.